महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला खुलं पत्र: नाव नाशिकचं, मॅच गहुंजेला

प्रति,
महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे सगळे पदाधिकारी, पुणे

नमस्कार साहेब मंडळी,

मुद्द्याचं आधी बोलतो. २०२३ च्या जूनमध्ये तुम्ही महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, सहा टीम काढल्या आणि त्यात ईगल नाशिक टायटन्स हे नाव आलं, तेव्हा इथे लय भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण २०२३, २०२४, २०२५ अशा तिन्ही सीझनच्या मॅच झाल्या कुठे, तर पुण्याजवळ गहुंजेला, तुमच्या स्टेडियमवर. कोल्हापूर गहुंजेला, रत्नागिरी गहुंजेला, नाशिकपण गहुंजेला. म्हणजे लग्न आमच्या नावाचं आणि मांडव तुमच्या दारात. ज्याला आपल्या शहराची टीम समोर बसून बघायचीय त्याने सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास काढायचे आणि मॅच संपल्यावर रात्री तोच रस्ता परत. कोण जाणार? मोबाइलवर बघतात लोक, तेही ऑफिसातून घरी जाता जाता.

मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघतो आणि रविवारी लोकल मॅचचं स्कोअरिंग करतो, त्यामुळे मला रन आणि रुपये दोन्ही मोजायची सवय आहे. आणि हे पत्र जास्त करून रुपयांबद्दलच आहे. टी-ट्वेंटीला शिव्या घालायला मी बसलेलो नाही, ते काम करणारे काका लोक गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी भेटतात. फॉरमॅट बदलतात ते पैशामुळे आणि वेळेमुळे, आधीपासूनच. आता साधं बघा, पहिले तीन वर्ल्ड कप, १९७५, १९७९ आणि १९८३, साठ ओव्हरचे होते. १९८७ चा आपल्याकडे आणि पाकिस्तानात आला तेव्हा पन्नास ओव्हर झाल्या, कारण इंग्लंडच्या उन्हाळ्यासारखा लांबलचक दिवस आपल्याकडे नसतो, अंधार लवकर पडतो. वर्ल्ड कप साठचा पन्नास ओव्हरवर आला त्याचं कारण आपल्याकडचा सूर्यास्त आहे, हे किती जणांना माहितीय? मॅच कुठे होते यावर खेळसुद्धा बदलतो, आणि पैसा तर बदलतोच.

पैशाचं सांगतो. १९८३ ला कपिलची टीम कप घेऊन आली तेव्हा बोर्डाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकरांचा दिल्लीत कार्यक्रम ठेवला, त्यातून प्रत्येक प्लेयरला एक लाख दिले. हे असं होतं आपलं बोर्ड. आणि देश तरी काय वेगळा होता, १९९१ मध्ये सोनं गहाण टाकायची वेळ आली होती, परदेशातून माल आणायला काही आठवड्यांपुरतेच डॉलर शिल्लक होते. त्याच वर्षी जुलैत मनमोहन सिंगांचं बजेट आलं आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेची टीम कोलकात्यात उतरली. त्यांच्याकडच्या टीव्हीला ती मॅच दाखवायची होती आणि त्याचे पैसे द्यायची त्यांची तयारी होती, आणि आपल्या बोर्डाला तेव्हा कळलं की अरेच्चा, हे हक्क आपण विकू शकतो! त्याआधी उलटा प्रकार होता, मॅच दाखवायची म्हणून दूरदर्शनच बोर्डाकडे पैसे मागायचं. १९९३ च्या हिरो कपला त्यावरून भांडण पार कोर्टात गेलं आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. तोवर घरोघरी केबल आली होती, कोला, साबण, टूथपेस्ट, मोटरसायकल सगळ्यांना जाहिरात करायला जागा पाहिजे होती, आणि दर ओव्हरनंतर ब्रेक असलेला खेळ जाहिरातवाल्यांना दुसरा कुठला मिळणार.

मग टी-ट्वेंटी. इंग्लंडने २००३ ला काउंटीत सुरू केलं, कारण स्टेडियम रिकामी पडत होती आणि ऑफिस सुटल्यावर लोकांना तीन तासांत काहीतरी बघायचं होतं. आपल्या बोर्डाला त्यात फार रस नव्हता. २००७ च्या वर्ल्ड कपआधी भारत एकच टी-ट्वेंटी इंटरनॅशनल खेळला होता, सचिन, सौरव, द्रविड गेलेच नाहीत. धोनी पोरं घेऊन गेला, जोहान्सबर्गला पाकिस्तानला पाच रनांनी हरवलं आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये आयपीएल. १९८३ ला लताबाईंनी गाणं म्हणून एकेकाला लाख मिळवून दिले, आणि आज? २०२३ ते २०२७ या पाच सीझनचे आयपीएलचे मीडिया हक्क ४८,३९० कोटींना गेले. म्हणजे एका मॅचमागे शंभर कोटींच्या वर. पंत एकटा २७ कोटीला. मला याचा राग वगैरे काही नाही, बाजार आहे, ज्या देशात करोडो लोकांच्या हातात मोबाइल आणि स्वस्त डेटा आला तिथे असंच होणार. वाढलेल्या खिशाला परवडेल असा खेळ झाला, इतकंच.

पण साहेब, हा पैसा उतरतो कुठे, तेही बघा ना. मॅच जिथे होते तिथे उतरतो. २००९ ला लोकसभेच्या निवडणुका आल्या म्हणून आख्खी आयपीएल दक्षिण आफ्रिकेला गेली, तीन आठवड्यांत गाशा गुंडाळून. टीम मुंबईच्या, चेन्नईच्या, दिल्लीच्या आणि हॉटेलची बिलं, गाड्या, सिक्युरिटी, केटरिंग, सगळी कमाई केपटाउन आणि डर्बनवाल्यांची. २०२० ला कोरोनात तेच यूएईत. आणि आपल्याकडचं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. २०१६ चा दुष्काळ, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी चाललेलं, तेव्हा मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅच महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितल्या. पुण्याच्या टीमने उरलेल्या होम मॅच विशाखापट्टणमला खेळल्या. निर्णय बरोबर होता की चूक यात मी जात नाही (गंगापूर आणि जायकवाडीच्या पाण्यावरून नाशिककराने बोलायचं म्हणजे वेगळंच पत्र लिहावं लागेल), पण त्या वेळी गहुंजेच्या आसपास ज्यांनी त्या मॅचच्या भरवशावर माल भरला असेल त्यांचं काय झालं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. फ्रँचायझीचं नाव पुणेच राहिलं, धंदा विझागचा झाला. आमचं तर तीन सीझन तेच चाललंय, आणि आमच्याकडे दुष्काळपण नाही.

आता अकाउंट्सवाला माणूस म्हणून मीच माझ्या मुद्द्याला थोडी कात्री लावतो, नाहीतर तुम्ही लावाल. मॅच आली म्हणून नाशिकचं उत्पन्न दुप्पट होईल असली गोष्ट मी करत नाही. स्टेडियमवाले लोक नेहमी असले मोठे आकडे फेकतात. जो माणूस मॅचला जाऊन दोनशे रुपये खर्च करेल तो मॅच नसती तर कॉलेज रोडला जाऊन तेवढेच उडवणार होता, त्यात शहराला नवीन काही मिळालं नाही, फक्त खिसा बदलला. खरी भर पडते ती बाहेरून येणाऱ्या पैशातून. सहा टीम, त्यांचा स्टाफ, अंपायर, कॅमेरावाले, कॉमेंट्रीवाले, ही एवढी मंडळी आठ-दहा दिवस इथे राहणार, त्यांच्या खोल्या, जेवण, लॉन्ड्री, बसचं भाडं, हे पैसे नाशिकचे नव्हते आणि आता नाशिकचे झाले. शिवाय मांडव, जनरेटर, पाण्याचे जार, टी-शर्ट छापणारे, झेंडे शिवणारे, ग्राउंडवर रोलर फिरवणारे. छोटे छोटे लोक आहेत हे, यांना स्पॉन्सर माहिती नसतो, यांना ऑर्डर माहिती असते. आणि धुळे, मालेगाव, जळगावकडून जी पोरं येतील त्यांचा खर्चपण इथेच, कारण त्यांना पुण्यापेक्षा नाशिक कधीही जवळ.

नाशिकला जमणार नाही असं कोणी म्हणू नका प्लीज. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आमच्या गोल्फ क्लबवर, तुम्हीच रणजी देता की. जानेवारी २०२५ ला महाराष्ट्र-बडोदा झाली, महाराष्ट्राने मोठ्या फरकाने जिंकली, विकेटबद्दल कोणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. चार दिवस दोन्ही टीम इथेच राहिल्या, जेवल्या, प्रॅक्टिस केली. आणि हॉटेलांचं म्हणाल तर २०२७ ला सिंहस्थ आहे, करोडो लोकांना आंघोळ घालायची तयारी करणारं शहर सहा टीमला खोल्या देऊ शकणार नाही का? त्र्यंबक रोडपासून मुंबई-आग्रा हायवेपर्यंत हॉटेलच हॉटेल आहेत.

एक अडचण खरी आहे, ती मी झाकत नाही. एकाच ग्राउंडवर सगळं ठेवलं की कॅमेरे, केबल, लाइट एकदाच लावायचे, खर्च वाचतो, आणि नवीन लीगला पहिले दोन-तीन सीझन हात आखडून चालावं लागतं. गहुंजेचं ग्राउंड तुमच्या मालकीचं, भाडं नाही, लाइट आहेत. समजतं मला, मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या वर्षी मीपण हेच केलं असतं. पण तीन सीझन झाले आता. तमिळनाडूवाल्यांनी २०१६ ला टीएनपीएल ही त्यांची लीग काढली, त्यांच्याकडे चेन्नईचं चेपॉक स्टेडियम आहे, तरी ते दिंडीगुलजवळ नाथमच्या एका कॉलेजच्या ग्राउंडवर गेले, तिरुनेलवेलीला सिमेंट कंपनीच्या ग्राउंडवर गेले, सेलम, कोइमतूर करतात. कर्नाटकवाले हुबळी आणि म्हैसूरला खेळले. आयपीएलमध्ये राजस्थान गुवाहाटीला खेळतं, पंजाब धरमशालेला. म्हणजे हे कोणी केलेलंच नाही अशातला भाग नाहीये, फक्त आपल्याकडे झालेलं नाही.

आणि आता थोडं झोंबेल असं लिहितो. आयसीसीच्या कमाईतला २०२४ ते २०२७ चा वाटा ठरला तेव्हा भारताला ३८.५ टक्के मिळाले, वर्षाला साधारण २३ कोटी डॉलर. आपलं म्हणणं काय होतं? की बाजार आमचा, प्रेक्षक आमचे, पैसा आमच्यामुळे येतो, तर मोठा वाटा आमचा. ठीक आहे, चालेल. वेस्ट इंडीजला साडेचार टक्क्यांच्या आसपास आले. त्यांच्या बोर्डाने उघड सांगितलं की असं चाललं तर आम्ही टीम पाठवायच्या कुठून, परदेश दौऱ्याचा खर्च आम्ही करायचा आणि कमाई यजमानाची. ज्या बेटांनी रिचर्ड्स, मार्शल, लारा दिले तिथले पोरगे आज टेस्ट सोडून लीगमागे पळतात, त्यांचा निकोलस पूरन २९ व्या वर्षी इंटरनॅशनलमधून बाहेर पडला, आणि त्याला दोष देता येत नाही कारण हिशोब सरळ आहे. छोटी अर्थव्यवस्था, छोटा बाजार, आणि फॉरमॅट असा की पैसा मोठ्या बाजाराकडेच वाहणार.

तर साहेब, आयसीसीसमोर आपण जो नियम मांडतो, ज्याचे प्रेक्षक त्याचा वाटा, तोच नियम पुण्यात बसून नाशिकला लावा की. नाव आमचं वापरता, आमच्या शहराच्या नावाने टीम विकली, आमच्या पोरांनी जर्सी घातली, मग त्यातलं जिल्ह्याकडे काय आलं? किती ग्राउंडला कव्हर मिळाले, किती टर्फ विकेट झाल्या, किती स्कोअरर आणि अंपायरला मानधन वाढलं, हे जिल्ह्याजिल्ह्यानुसार एका कागदावर छापा ना एकदा. मी ऑडिटवाला नाही, खोट काढायला बसलेलो नाही, पण जो धंदा करतो तो शाखेनिहाय हिशोब ठेवतोच. वेस्ट इंडीज आयसीसीकडे जे मागतंय त्यापेक्षा हे फारच स्वस्तात पडेल तुम्हाला.

अजून एक, फॉरमॅटचं. नाशिकमध्ये १९३३ ला जन्मलेले बापू नाडकर्णी, यांचं नाव तरी तुम्ही विसरला नसाल. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ मेडन, १३१ बॉल एकही रन नाही, फिगर ३२-२७-५-०, म्हणजे ३२ ओव्हर, त्यातल्या २७ मेडन, पाच रन, विकेट एकही नाही. टी-ट्वेंटीत बॉलरला मिळतात २४ बॉल. म्हणजे बापूंनी जे केलं ते आता बिघडलंय किंवा जुनं झालंय असं नाही, ते करायला जागाच नाही. मी हे रडत सांगत नाहीये, मला स्वतःला १३१ बॉल शांतपणे बघणं जमलं नसतं बहुतेक. पण ज्या जिल्ह्यात आज लेदर बॉलच्या दोन दिवसांच्या मॅच कमी होत चालल्यात आणि जी ती स्पर्धा वीस ओव्हरची, नाहीतर सरळ टेनिस बॉलची बक्षिसाची, तिथे पुढचा स्पिनर शिकणार कसा? पोरगं चार ओव्हर टाकतं, त्यातल्या तीन बचावाच्या, बाद करायचा विचार करायला फुरसत कुठे. सिन्नरच्या माया सोनवणेची लेगस्पिनची ॲक्शन २०२२ च्या वुमन्स टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये सगळ्या देशाने बघितली, व्हायरल झाली, पण ती ॲक्शन काय एका सीझनमध्ये तयार झालेली नाही, त्यामागे किती ओव्हर पडल्या असतील, ज्या कोणी रेकॉर्ड केल्या नाहीत.

पैशाचंच बघायचं तर रणजीलाही आता बरे पैसे आहेत, २०२१ पासून वीसपेक्षा कमी मॅच खेळलेल्या पोराला दिवसाला ४० हजार, चाळीसच्या वर खेळलेल्याला ६०. चार दिवसांचे झाले नव्या पोराचे एक लाख साठ हजार. आयपीएलमध्ये २०२५ पासून एका मॅचची फीच साडेसात लाख, कॉन्ट्रॅक्ट वेगळं. नाशिकच्या रामकृष्ण घोषला चेन्नईने ३० लाखाला घेतलं तेव्हा इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी होती, आणि असणारच ना, ३० लाख म्हणजे सातपूर-अंबडच्या कामगाराच्या घरात किती वर्षांचा पगार झाला! त्यामुळे पालक म्हणतात आम्हाला टी-ट्वेंटीच शिकवा. त्यांना नाही म्हणणारा मी कोण. पण तुम्ही म्हणू शकता. लीगच्या पैशातून जर जिल्ह्याजिल्ह्यात दोन-तीन दिवसांच्या लाल बॉलच्या मॅच नीट भरवल्या, त्यात खेळणाऱ्या पोराला प्रवास आणि जेवण एवढं जरी मिळालं, तर आईबाप विरोध करणार नाहीत. आत्ता काय होतं माहितीय का, दोन दिवसांची मॅच म्हणजे दोन दिवसांचा खर्च घरून, पेट्रोल घरून, डबा घरून, आणि शनिवारी बापाची ड्युटी. वीस ओव्हरची मॅच दुपारी संपते. फॉरमॅट पालकांच्या रजेवर ठरतो साहेब, आवडीवर नाही.

कंपन्यांच्या टीम होत्या तेव्हा हा प्रश्न थोडा सोपा होता. बँका, कारखाने, रेल्वे नोकऱ्या द्यायचे आणि पोरगं पोटाची चिंता न करता खेळायचं. उदारीकरणानंतर कंपन्यांनी हात आखडला, कॉन्ट्रॅक्टवर माणसं घ्यायला लागल्या, कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला चार दिवस सुट्टी कोण देणार. त्याच उदारीकरणाने आयपीएलपण दिली. दोन्ही एकाच दुकानातून आलंय, फक्त एक पाकीट वर पोचलं आणि दुसरं खालून काढून घेतलं.

तर मागणी अशी आहे की पुढच्या सीझनला निदान नाशिक टायटन्सच्या दोन-तीन मॅच तरी गोल्फ क्लबवर द्या. लाइटचा प्रश्न असेल तर दुपारच्या ठेवा, शनिवार-रविवार बघून ठेवा, लोक टोपी घालून येतील. जूनच्या मध्यापर्यंत थांबू नका, पाऊस येतो, २०२३ ची फायनल पावसानेच खाल्ली आणि रत्नागिरीला पॉइंटवर चॅम्पियन ठरवावं लागलं, ते काही कोणाला आवडलेलं नव्हतं. आयपीएल संपली की लगेच काढा. तिकीट लावा, पन्नास रुपये लावा, फुकट ठेवू नका, फुकट असलं की अर्धे लोक येतो म्हणतात आणि येत नाहीत, आणि जे पैसे येतील त्यातून त्याच ग्राउंडला एक नीट स्कोअरबोर्ड बसवा. आणि शाळेच्या पोरांना एक स्टँड वेगळा.

तुमची माणसं पाहणीला आली तर जिल्ह्याची मंडळी ग्राउंड दाखवतीलच, पण पार्किंग मात्र आम्हा लोकांना विचारा, कारण मॅचच्या दिवशी त्र्यंबक नाका आणि सीबीएसला गाड्या कुठे तुंबतात ते पुण्याहून आलेल्या माणसाला एका फेरीत कळणार नाही. ईदगाह मैदान शेजारीच आहे, ते मिळतंय का ते महापालिकेशी आधी बोलून घ्या. उत्तर द्यायचं असेल तर सीझनचं टाइमटेबल छापण्याआधी द्या, नंतर सगळे म्हणतात आता उशीर झाला.

आपला,
नाशिकचा एक रविवारचा स्कोअरर